आधी शेगडी घरात येऊ द्या, मग दगड कापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत स्वयंपाकघर नवं करण्यावर पानभर मजकूर आला होता. फोटो लय सुंदर होते, पांढरे ओटे, काचेचे हॉब म्हणजे ओट्याच्या दगडाला भोक पाडून त्यात बसवायच्या शेगड्या, वर चिमणी, आणि आमच्या गावात तो पेपर चार घरी फिरला, कारण कापूस-तूर विकून पैसे हाती आले की मार्च ते मे हेच इकडं बांधकामाचे दिवस, दर गल्लीत कोणाचा ना कोणाचा ओटा फोडणं सुरू असतं. पण त्या पानावर रंग, कपाटं, हँडल एवढंच होतं. दगडाला भोक कोणी कधी पाडायचं, ओटा किती उंच घ्यायचा, सिलिंडर कुठं ठेवायचा, यावर एक ओळ नव्हती, आणि पैसा बुडतो तो तिथंच. मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहते, घरी सात माणसं, दीड वर्षात आमचा ओटा दोनदा बसवला, म्हणून हे लिहिते आहे, जमलं तर पूर्ण छापा.

आमचं पहिल्यांदा काय चुकलं ते आधी सांगते. माझे दीर पुण्याला असतात, त्यांनी घर बदललं तेव्हा त्यांच्याकडचा तीन बर्नरचा काचेचा हॉब आम्हाला द्यायचं ठरवलं, चांगला दोन वर्षांचा होता. दिवाळीत येताना आणतो म्हणाले. इकडं मिस्तरी आधीच मिळाला, ग्रॅनाइट आधीच आला, आणि दुकानदार म्हणाला हॉब सारे सारखेच असतात, मी माप सांगतो, भोक पाडून ठेवा. घरातल्या माणसांनी पाडून घेतलं. साठ सेंटीमीटरच्या हॉबला साधारण ५५-५६ सेंटीमीटर रुंद आणि ४७-४८ सेंटीमीटर खोल असं भोक लागतं हे खरं, पण कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक त्यात फरक असतो, आणि दगडाच्या कामात लहान भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं लहान करता येत नाही. आमचं अर्ध्या इंचानं मोठं झालं. हॉबची काच एका बाजूनं जेमतेम टेकली होती.

त्यात अजून एक गोष्ट होती जी मला नंतर कळली. खेड्यातले जुने ओटे २२ इंच रुंदीचे असतात, आमचाही तेवढाच होता, खालच्या विटांच्या भिंती जुन्याच ठेवून वर नवा दगड टाकला. आता तुम्हीच हिशोब करा, २२ इंच म्हणजे ५६ सेंटीमीटर, त्यातून ४८ चं भोक गेलं, मागंपुढं मिळून उरले आठ, म्हणजे पुढं दीड इंचाची पट्टी आणि मागं दीड इंचाची. त्या दीड इंचाच्या पट्टीवर आपण पोट टेकून उभ्या राहतो, कढई ओढतो, कुकर आपटतो. हॉब बसवायचा असेल तर ओटा २४ इंच तरी पाहिजेच, म्हणजे दोन्हीकडं अडीच-अडीच इंच दगड राहतो, आणि भोकाच्या दोन्ही अंगाला खालून कडप्प्याची उभी पट्टी नाहीतर विटांचा आधार पाहिजे. आमच्याकडं आधार होता पण हात-दीड हात दूर होता.

आणि कोपरे. मिस्तरीनं ग्रायंडरनं चारी बाजू सरळ कापल्या, ग्रायंडरची चकती गोल असते म्हणून कोपऱ्यात वरून रेघ मिळवायची तर ती पुढं थोडी जास्तीची जाते, एक बारीक चीर राहते. दगडाचा सारा ताण त्या चिरेत येतो. कोपऱ्याला आधी ड्रिलनं गोल भोक पाडायचं आणि मग त्या भोकापर्यंतच सरळ कापायचं, म्हणजे कोपरा गोल राहतो आणि तडा धरत नाही, हे दुसऱ्या वेळच्या मिस्तरीनं करून दाखवलं, पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या पहिल्या ओट्याला दुसऱ्याच महिन्यात उजव्या कोपऱ्यातून तडा निघाला तो थेट पुढच्या कडेपर्यंत आला. ग्रॅनाइटला तडा गेला की चिकटवता येतो पण तो दिसतोच, आणि त्यात आंबाडीच्या भाजीचं पाणी आणि तेल शिरत राहतं.

मिस्तरी म्हणाला, "बाई, दगडच कच्चा निंगाला." दगड कच्चा नव्हता. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते, तिच्यावर बांधलेलं घर थोडंथोडं हलतच असतं, म्हणून तर आमच्या घरांच्या भिंतींना तिरपे तडे असतात. अशा घरात ओट्याचा दगड भिंतीत घट्ट रोवून व्हाइट सिमेंटनं भरला की भिंत हलली तेव्हा दगडालाही ओढते, आणि जिथं दगड सगळ्यात कमजोर तिथं म्हणजे भोकाच्या कोपऱ्यात तो तुटतो. आता आम्ही दगड आणि भिंतीमधे तीन-चार मिलिमीटर फट ठेवून ती सिलिकॉननं भरली आहे, ते रबरासारखं असतं, ताणतं आणि दबतं. शहरातल्या पुरवण्यांमधे हे येणार नाही, पण यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला इकडच्या काळ्या मातीच्या गावात ते आलंच पाहिजे.

आता हॉबचं ऐका, कारण हे जास्त धोक्याचं आहे. दिवाळीत हॉब आला, बसवला, पेटवला तर जाळ हातभर उंच आणि पिवळा. गंज, म्हणजे पातेली, काळे पडायला लागले, डोळे चुरचुरायचे, सासूबाईंचं डोकं दुखायचं. आम्हाला वाटलं बर्नर घाण झाले, घासले, काही फरक नाही. खरी गोष्ट अशी की पुण्यात दिरांच्या इमारतीत पाइपचा गॅस आहे आणि आपल्याकडं सिलिंडरचा, हे दोन गॅस वेगळे आहेत, पाइपचा गॅस हलका, तेवढ्याच जागेत त्याच्यात उष्णता कमी आणि त्याचा दाबही कमी, म्हणून त्या शेगडीच्या जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक मोठं असतं. तीच शेगडी सिलिंडरला लावली तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस बाहेर येतो, नीट जळत नाही, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो ज्याला वासही नसतो. आमच्या घरात दारं-खिडक्या उघड्या राहतात म्हणून निभावलं. शेवटी कंपनीच्या माणसाला बोलावून जेट बदलून घेतले, तेव्हा जाळ निळा झाला. इकडच्या किती घरांमधे पुण्या-मुंबईच्या पोराकडची, भावाकडची जुनी शेगडी येते, प्रेमानं देतात, वाईट काही नाही, पण कोणत्या गॅसची आहे हे विचारल्याशिवाय लावू नका. नवीन घेत असाल तर खोक्यावर एलपीजी लिहिलेलं आणि आयएसआयचा शिक्का पाहा, सिलिंडरच्या शेगडीसाठी आयएस ४२४६ हा नंबर असतो, त्या मानकात शेगडीनं गॅसच्या उष्णतेतली किमान ६८ टक्के भांड्याला दिली पाहिजे असं आहे. बाजाराच्या दिवशी हातगाडीवर मिळते त्या शेगडीवर हा शिक्का नसतो, दोनशे-चारशे रुपये वाचतात आणि ते सिलिंडरमधून दर महिन्याला जातात.

हॉब घ्यावाच का, हेही मला लोक विचारतात. माझं मत सांगते. हॉब पुसायला सोपा, ओटा सपाट दिसतो, पण वांगं थेट आचेवर भाजलं की त्याचं पाणी काचेवर गळतं आणि तापलेल्या काचेवर गार पाणी किंवा ओलं फडकं पडणं चांगलं नाही, काच टफन केलेली असली तरी एकदम गार-गरम सहन होईलच असं नाही, आणि फुटली की एका झटक्यात तिचे बारीक तुकडे होतात. शिवाय बिघडला तर तो ओट्यात बसलेला, उचलून तालुक्याला नेता येत नाही, माणूस जिल्ह्याच्या गावाहून बोलवावा लागतो. साधी स्टीलची दोन बर्नरची, पितळी बर्नरची शेगडी दुरुस्तीला थैलीत घालून नेता येते. मी हॉब ठेवला कारण तो घरात आलेला होता. कोणी नव्यानं घेत असेल आणि जवळ सर्विस नसेल तर मी साधी शेगडीच घ्या म्हणेन. आणि हॉब घ्यायचाच तर जाळ विझला की गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेला घ्या, त्याला फ्लेम फेल्युअर म्हणतात, बर्नरजवळ एक बारीक काडी असते, ती गार झाली की गॅस बंद. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पंखा लावल्याशिवाय चुलीपुढं कोणी उभी राहू शकत नाही, आणि पंख्यानं बारीक जाळ कधी विझला ते कळत नाही. आपोआप पेटणारा घेत असाल तर सेलवर पेटणारा घ्या, लाइटवर चालणारा नको.

उंचीचं तर कोणी विचारतच नाही. आमच्या पहिल्या मिस्तरीनं ३६ इंच घेतला. मी म्हटलं जरा खाली घ्या, तर म्हणाला, "आता असाच चालते न बाई, मोबाइलवर पाहा." माझ्या सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच आहे, सकाळच्या भाकरी त्याच करतात, त्यांचा खांदा सहा महिन्यांत दुखायला लागला. साधी गोष्ट आहे, जी बाई रांधते तिला अनवाणी उभं करा, कोपर दुमडायला लावा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. सासूबाईंचं ३१ आलं, माझं ३४. अजून एक, ओट्यावर ठेवायची शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते, त्यावर गंज, म्हणजे हात अजून वर जातो, तिथं ओटा तेवढा खाली पाहिजे, हॉब मात्र दगडाच्या सपाटीला असतो म्हणून त्याला थोडा उंच चालतो. आणि भाकर थापायला तर जोर वरून खाली लावावा लागतो, परात अजून खाली हवी. दुसऱ्या वेळी आम्ही हॉबचा भाग ३३ इंचावर घेतला आणि बाजूला अडीच फुटांचा तुकडा २८ वर घेतला, भाकर तिथं थापतात, मिक्सरही तिथंच. खर्च फार वाढला नाही, दगडाचा उरलेला तुकडाच तिथं वापरला. सासूबाईंचा खांदा आता बरा आहे.

घरकुलवाल्यांनी तर हे नक्की पाहावं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे, पण आमच्या गावात पाहिलं तर घरात ओटा सगळ्यात शेवटी, पैसे संपल्यावर होतो, म्हणून अरुंद आणि जिथं उरेल तिथं. पाच फूट लांब पण २४ इंच रुंद असा ओटा आठ फूट लांब आणि १८ इंच रुंद ओट्यापेक्षा कामाचा. ओट्याच्या बाजूच्या भिंतीला खिडकी पाहिजे, शेगडीच्या बरोबर मागं नको, वाऱ्यानं जाळ हलतो आणि पडदा लावला तर तो पेटतो. चिमणीत पैसे घालण्याआधी खिडकी आणि एक एक्झॉस्ट पंखा करा, लाइट गेली की चिमणी बंद, खिडकी बंद होत नाही.

सिलिंडरची गोष्ट थोडक्यात सांगते, पण सोडू नका. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, गळला तर खाली बसतो, म्हणून ओट्याखाली दाराच्या कपाटात सिलिंडर कोंडून ठेवायचा असेल तर कपाटाला खाली जमिनीलगत जाळी पाहिजेच, आता फर्निचरवाले छान दिसावं म्हणून खालून पट्टी मारून बंद करतात. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर. नळी नारिंगी सुरक्षा ट्यूबच घ्या, आत तारेची जाळी असते म्हणून उंदीर कुरतडू शकत नाही, आणि धान्य भरलेल्या घरात उंदीर असतातच. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची. ओट्याच्या दगडातून नळी खाली घ्यायची असेल तर भोकाची धार सुरीसारखी राहते, त्यात प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा बसवून मग नळी काढा. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं, सी २७ असेल तर सप्टेंबर २०२७ पर्यंत तपासणी बाकी नाही, ए म्हणजे मार्च, बी जून, डी डिसेंबर. आणि वास आला तर १९०६ वर फोन लागतो. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला सुरू झाल्यावर आमच्या गावात कितीतरी घरी पहिल्यांदा गॅस आला, त्याआधी पऱ्हाटी आणि तुराट्यांवरच सारं चालायचं, तेव्हा लावलेली नळी अजूनही काही घरांत तीच आहे, मी स्वतः पाहिली.

दगड कोणता? आमचा अनुभव ग्रॅनाइटच चांगला, १८ ते २० मिलिमीटर जाडीचा. कडप्पा स्वस्त आहे पण तो चुनखडीचा दगड, लिंबू, चिंच, भेदरं म्हणजे टोमॅटो, आंबाडी काहीही सांडून राहिलं की त्याचा पॉलिश उडतो. संगमरवरचंही तेच. ग्रॅनाइटला आंबट लागत नाही. फक्त काळाभोर घेऊ नका, एक तर काही काळे दगड रंगवलेले असतात, पांढरं फडकं थिनरमधे भिजवून घासलं आणि फडकं काळं झालं तर तो सोडा, आणि दुसरं म्हणजे बोअरचं पाणी जड असतं, काळ्यावर रोज पांढरे डाग दिसतात, ठिपक्याचा तपकिरी बरा. हल्ली यवतमाळच्या दुकानात क्वार्ट्झ म्हणून दाखवतात, दिसायला एकसारखा आणि गुळगुळीत, पण तो दगडाचा चुरा रेझिनमधे दाबून बनवलेला असतो, तापलेला तवा उतरवून तसाच ठेवला तर जळका डाग पडतो. आपल्याकडं तवा उतरवून ओट्यावर ठेवायची सवय आहे, सांडशीनं धरला की ठेवला.

क्वार्ट्झबद्दल अजून एक सांगायचं आहे आणि ते मला सगळ्यात जास्त टोचतं. त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या आसपास असू शकते, कापताना जी धूळ उडते ती फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरायलाच बंदी केली आहे ती कामगारांच्या या आजारामुळं. ग्रॅनाइटमधेही सिलिका असते, कमी असते पण असते. आमच्या अंगणात पहिल्या वेळी एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा कोरडा दगड कापत होता, तोंडाला दुपट्टा बांधून, पूर्ण अंगण पांढरं झालं होतं, त्याच्या पापण्या पांढऱ्या होत्या, आणि मी त्याला चहा दिला पण पाणी ओतत काप असं म्हणायला मला सुचलं नाही. दुसऱ्या वेळी माझा मुलगा बाजूला गडवा घेऊन उभा होता आणि चकतीवर पाण्याची धार सोडत होता, धूळ जवळजवळ उडालीच नाही. चांगला मास्क दोनशे रुपयांच्या आत मिळतो, ज्याचा ओटा त्यानं तो आणून द्यावा.

इंडक्शनचं विचारतात म्हणून दोनच शब्द. २००० वॅटचं असतं, त्याला १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट आणि जाड वायर पाहिजे, फ्रिजच्या बोर्डावर लावू नका. त्यावर आपले जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, गंज चालत नाहीत, ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतो तेच चालतं. वावरातल्या मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि ते बंद पडतं, म्हणून दुसरी सोय म्हणून ठेवा, एकट्या त्याच्या भरवशावर स्वयंपाकघर करू नका.

साहेब, तुम्हाला विनंती अशी की मे महिना संपायच्या आत एखाद्या पुरवणीत ओट्याचं एक साधं चित्र मापांसकट छापा, रुंदी, कोपराची उंची, भोकाचे गोल कोपरे, सिलिंडरची जाळी, म्हणजे बायका ते कापून मिस्तरीच्या हातात देतील. छापलेलं दाखवलं की मिस्तरी ऐकतो, तोंडानं सांगितलं की ऐकत नाही. आणि दुकानदारांनाही लिहा की हॉबच्या खोक्यातला मापाचा कागद दगड कापायच्या आधी गिऱ्हाईकाला काढून द्या, तो खोक्यात पडून राहतो.

परवा आमच्या शेजारच्या काकूंच्या ओट्याचं काम आहे. दगड यवतमाळहून आला, ट्रॅक्टरमधे उभा आणला म्हणून धड आला, आता अंगणात भिंतीला टेकवून ठेवला आहे. शेगडी अजून दुकानातून आलेली नाही आणि मिस्तरी सकाळी सात वाजता येणार होता. मी काकूंकडून त्याला फोन लावून घेतला, शेगडी आल्यावरच ये म्हणून सांगितलं आणि टेप घेऊन काकूंचं कोपर मोजून ठेवलं, साडेएकतीस येतं.

आपली,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ